संत गोन्सालो गार्सिया : ईश्वरेच्छेस वाहिलेले जीवन

आयुष्याचा आराखडा मनुष्याने कितीही विचारपूर्वक आखला, तरी त्याच्या रेषा मनासारख्या उमटतीलच असा भरवसा कोणालाही देता येत नाही. आपल्या ज्ञातीतील कोणत्याही कुटुंबाचा इतिहास पाहावा. कोठे कर्त्या मुलाची नोकरी अकस्मात सुटली, कोठे ठरलेला विवाह मोडला, तर कोठे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातशेती वाढत्या शहराच्या पोटात गेली. अशा प्रसंगी 'देवाची इच्छा' हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. परंतु त्यांचा अर्थ ओळखून त्याप्रमाणे जगणे ही सोपी गोष्ट नव्हे. तो अर्थ ज्यांनी आपल्या उभ्या आयुष्याने विशद केला, असे एक थोर पुरुष आपल्याच भूमीत जन्मास आले. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया होत. त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या द्वारे आपल्या बंधुभगिनींपुढे ठेवताना आम्हांस मोठे समाधान वाटत आहे.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. आज आपण ज्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांत राहतो, तो साष्टीचा मुलूखही त्यातच आला. बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी उभारलेल्या मठाचे अवशेष त्या काळाची साक्ष देत अद्यापि उभे आहेत. सारांश, गोन्सालोंची वसई आपणांस परकी नाही. एकाच खाडीच्या दोन तीरांवरील ही माणसे आहेत.

गोन्सालोंचा जन्म वसई येथे इ. स. १५५६ च्या सुमारास झाला. पिता पोर्तुगीज व माता याच कोकणपट्टीतील. वसईच्या कोटात येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले व फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांचे छत्र त्यांना लाभले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते तेथे धर्मशिक्षकाचे काम करीत होते. गावोगाव फिरावे, लेकरांना प्रार्थना शिकवाव्यात, धर्मगुरूंचे बोलणे लोकांच्या भाषेत समजावून द्यावे, असा त्यांचा नित्यक्रम असे.

त्यांच्या मनात एकच आस होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळून आपले जीवन प्रभूच्या सेवेस वाहावे. परंतु ती इच्छा पूर्ण झाली नाही. या देशात जन्मलेल्या वा मिश्र कुळातील तरुणांना संघात घेण्यास त्या काळी वरिष्ठांची मने अनुकूल नव्हती, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. ज्यांच्या पायाशी बसून धर्म शिकावा, ज्यांच्यासाठी तारुण्याची आठ वर्षे वेचावीत, त्यांच्याच घराचा उंबरठा आपल्याला ओलांडता येऊ नये, याचे दुःख किती खोल असेल याची कल्पना आपल्या वाचकांना करून द्यावयास नको.

अशा प्रसंगी दोन वाटा सहज सापडतात. एक कडवटपणाची आणि दुसरी हताश होऊन स्वस्थ बसण्याची. गोन्सालोंनी दोन्ही टाळल्या. ते व्यापारात उतरले. भाषेचे ज्ञान, प्रवासाचा अनुभव व सचोटी यांच्या बळावर त्यांचा व्यापार चांगला वाढला. लौकिक दृष्टीने पाहता त्यांचे बस्तान बसले होते. परंतु मूळची ओढ मनातून गेली नव्हती. व्यापाराच्या निमित्ताने मनिला येथे येणेजाणे असता फ्रान्सिस्कन संघाच्या साध्या, अकिंचन जीवनाने त्यांचे चित्त वेधून घेतले. अखेर धंद्यावर पाणी सोडून त्यांनी त्या संघात प्रवेश केला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधू म्हणून.

येथे परमेश्वराच्या योजनेचा धागा आपल्या दृष्टीस पडतो. इ. स. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठविले. त्यांच्याबरोबर दुभाषी हवा होता आणि त्या कामास गोन्सालोंसारखा दुसरा माणूस मिळणे कठीण होते. येशूसंघाच्या सेवेत शिकलेली भाषा, जी त्या वेळी फुकट गेली असे वाटले असेल, तीच आता उपयोगास आली. बंद झालेल्या दारापाशी काढलेली आठ वर्षे वाया गेली नव्हती.

हिदेयोशीने १५८७ मध्येच परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता; तथापि या मंडळींना त्याने राहू दिले. क्योतो येथे त्यांनी मठ बांधला आणि ज्यांच्या सावलीलाही लोक भीत असत अशा कुष्ठरोग्यांसाठी शुश्रूषागृहे चालविली. गोन्सालो या कामात अहोरात्र गढून गेले.

पुढे जे घडले ते कोणाच्याच हातात नव्हते. १५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मोलवान माल जप्त झाला, वाद वाढला, स्पेनच्या हेतूंविषयी संशय बळावला, आणि त्या रोषाचा आघात निरपराध धर्मसेवकांवर झाला. डिसेंबरात त्यांना अटक झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. या सर्वांत येशूसंघाचे पॉल मिकी होते, तसाच बारा वर्षांचा लुई इबाराकी हा बालकही होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्या सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. पॉल मिकींनी क्रूसावरून मारेकऱ्यांना क्षमा केली. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. ज्या संघाने त्यांना आपल्यात घेतले नव्हते, त्या संघाचे तिघेजण त्याच टेकडीवर त्यांच्या बरोबरीने रक्तसाक्षी झाले, ही गोष्टही मननीय आहे.

आता कोणी विचारील की, इतक्या निष्ठेने सेवा करणाऱ्याचा असा अंत व्हावा, हीच का देवाची इच्छा? या प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही. हिदेयोशीचा क्रूरपणा ही हिदेयोशीची इच्छा होती. ती परमेश्वराच्या माथी मारणे हा अधर्म होय. आपल्यावर होणारा प्रत्येक अन्याय देवानेच धाडला असे मानून मुकाट्याने सोसत राहणे म्हणजे श्रद्धा नव्हे. मनुष्याच्या दुष्टाव्यातूनही प्रभू आपले कार्य सिद्धीस नेतो, आणि ते पाहण्यास आपण असू वा नसू, त्याचा हात सोडावयाचा नाही, ही खरी श्रद्धा होय.

ते कार्य सिद्धीस गेले. जपानात १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली व ती १८७३ पर्यंत टिकली. धर्मगुरूंवाचून, मंदिरांवाचून कितीएक कुटुंबांनी सात पिढ्या आपली श्रद्धा गुप्तपणे जतन केली. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा येथील नव्या ख्रिस्तमंदिरात ही माणसे पुढे येऊन उभी राहिली. ते मंदिर याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने अर्पण केलेले होते. तत्पूर्वी १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्य घोषित केले होते आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. अशा रीतीने वसईचा एक धर्मबंधू भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर त्यांचे स्मारक उभे राहिले. वसईतही त्यांच्या नावाचे ख्रिस्तमंदिर व महाविद्यालय आहे.

वाचकहो, आपल्या घरातील एखाद्या तरुणाला प्रवेश नाकारला जातो, बढती हुकते, योजलेला मार्ग बंद होतो, तेव्हा त्याला नुसता धीर देऊन थांबू नये. त्याला गोन्सालोंची कथा सांगावी. नकारानंतरही त्यांनी हातपाय गाळले नाहीत. जे काम समोर आले ते प्रामाणिकपणे केले, आणि खरी हाक ऐकू येताच मिळविलेले वैभव सोडून ते निघाले. उद्योग आपला व फळ प्रभूचे, हा विवेक ज्याला साधला त्याला अनिश्चिततेचे भय उरत नाही.

या थोर संताच्या मध्यस्थीने आपल्या ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाला तो विवेक व ते धैर्य लाभो, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.