पत्त्यांतून अंकांकडे

एकवीस पत्ते घ्यावेत. ते ओळीने मांडत सात-सात पानांचे तीन उभे स्तंभ करावेत. समोरच्याने मनात एक पान धरावे आणि ते कोणत्या स्तंभात आहे एवढेच सांगावे. तो स्तंभ उरलेल्या दोहोंच्या मध्ये ठेवून पत्ते गोळा करावेत. असे तीनदा केले, की मनातले पान वरून अकराव्या जागी येऊन बसते. यात हातचलाखी नाही. अंक आपले काम आपणच करतात. जादूगाराला उरते ते फक्त बोलणे : थोडे थांबणे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे आणि अकरावे पान असे उलटणे, की ते अंकांनी नव्हे, आपण शोधले असे वाटावे.

बंगळूरचे सी. व्ही. सुंदरराज राव या विद्येत मुरलेले होते. कन्नड ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थांनी देवळातील पौरोहित्याचा वारसा नाकारला आणि ते सर्कशीत गेले. झुला, तारेवरची चाल, सिंहांना शिकवणे आणि जादू असे सारे त्यांनी केले. ४ नोव्हेंबर १९२९ रोजी त्यांना मुलगी झाली. तीच पुढे जगाला ठाऊक झालेली शकुंतलादेवी.

मुलगी तीन वर्षांची असताना वडील तिला पत्त्यांचा एक खेळ शिकवू लागले. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आले, की मुलगी आपल्यालाच हरवते आहे. तिच्या बोटांत कसलीही चलाखी नव्हती. पानांचा क्रम तिच्या नुसता लक्षात राहत होता. आयुष्यभर दुसऱ्यांना चकवणाऱ्या माणसाला प्रथमच असे काही दिसले, की ज्यामागे युक्ती नव्हती. त्यांनी सर्कस सोडली आणि मुलीला घेऊन गावोगावी प्रयोग सुरू केले. सहाव्या वर्षी तिने म्हैसूर विद्यापीठात आपली आकडेमोड करून दाखवली.

या कौतुकाची दुसरी बाजू मात्र सुखाची नव्हती. घर गरिबीचे होते आणि मुलीच्या प्रयोगांवर त्याची मदार होती. शाळेत जाण्याच्या वयात ती व्यासपीठावर उभी होती. दहाव्या वर्षी चामराजपेठेतील एका शाळेत पहिलीच्या वर्गात तिचे नाव घातले गेले. पण महिन्याची दोन रुपये फी भरणे घरच्यांना जमले नाही आणि तीन महिन्यांत शाळा सुटली. ती सुटली ती कायमचीच. लोकांना मोठमोठ्या संख्यांची उत्तरे देणाऱ्या या मुलीला दोन रुपयांचा हिशेब मात्र सोडवता आला नाही.

१९४४ मध्ये वडिलांबरोबर ती लंडनला गेली. पुढे देशोदेशी कार्यक्रम होऊ लागले. १९५० मध्ये बी.बी.सी.वरील एका कार्यक्रमात तिचे उत्तर आणि निवेदकाजवळचे उत्तर जुळेना. पडताळणी केल्यावर निवेदकाचे उत्तर चुकीचे निघाले.

शकुंतलादेवींच्या प्रयोगांत काही भाग त्या एकवीस पत्त्यांच्या जातीचा होता, हे सांगितल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. उदाहरणार्थ, ६,१६,२९,८७५ चे घनमूळ घेऊ. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे मुळाचा शेवटचा अंकही ५ च. शेवटचे सहा अंक झाकले तर ६१ उरतात. ३ चा घन २७ आणि ४ चा ६४. म्हणून पहिला अंक ३. आता ६१ हे ६४ ला खेटून आहेत, तेव्हा मधला अंक मोठा हवा. ३८५ चा घन ५,७०,६६,६२५ एवढाच भरतो, म्हणून उत्तर ३९५. संख्या पूर्ण घन आहे हे आधीच ठाऊक असले, की अर्धे काम अंकच करतात. कागदावर हे कोणालाही जमेल. भरल्या सभागृहात, प्रश्न उच्चारून संपतो न संपतो तोच, हसतमुखाने उत्तर सांगणे ही गोष्ट वेगळी.

हेच उदाहरण १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांना घातले होते. जेन्सन यांनी प्रश्न वहीत उतरवून घेण्यापूर्वीच उत्तर आले. तारीख सांगितली की वार सांगण्यात त्या तरबेज होत्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने विचारल्यास तर त्यांना क्षणाचाही वेळ लागत नसे. त्याच चाचण्यांत आणखी एक गोष्ट आढळली. साध्या मानसिक क्रियांतील त्यांचा वेग सर्वसामान्य माणसाइतकाच होता. विलक्षण होते ते संख्यांशी जडलेले नाते.

काही प्रयोग मात्र कोणत्याही युक्तीच्या पलीकडचे होते. १९७७ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे त्यांनी २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत काढले. ते उत्तर ताडून पाहण्यासाठी संगणकाला खास आज्ञावली द्यावी लागली. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९ या दोन संख्या त्यांच्यापुढे ठेवण्यात आल्या. गुणाकारात पूर्ण घनासारखी पळवाट नसते. २८ सेकंदांत त्यांनी २६ अंकी अचूक उत्तर दिले. काही अभ्यासकांना ही वेळ अविश्वसनीय वाटली. तरी १९८२ च्या गिनीज बुकात तिची नोंद झाली.

त्यांना लोक मानवी संगणक म्हणत. हे बिरुद त्यांना रुचत नसे. संगणक माणसाने घडवला, मग तुलना उलटी का, असा त्यांचा विचार होता. गणिताची धास्ती घेतलेल्यांसाठी त्यांनी कोड्यांची पुस्तके लिहिली. १९७७ मध्ये त्यांनी समलिंगी व्यक्तींच्या जीवनावर सहानुभूतीने पुस्तक लिहिले, हे त्या काळी मोठे धाडस होते. १९८० ची लोकसभा निवडणूक त्यांनी दक्षिण मुंबई आणि मेदक येथून लढवली. मेदकमध्ये समोर इंदिरा गांधी होत्या. दोन्हीकडे त्या पराभूत झाल्या. ती आकडेमोड निराळी होती.

२१ एप्रिल २०१३ रोजी बंगळूर येथे वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनमधील त्या गुणाकाराचे गिनीजचे प्रमाणपत्र निघाले ते २०२० च्या जुलैमध्ये, प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी.