कडाक्याच्या थंडीत नदीत उतरणारा विद्यार्थी पुढे 'पाण्याचा वैद्य' कसा झाला?

जर्मनीतल्या बऱ्याच गावांत बागेच्या कडेला एक उथळ हौद दिसतो. त्यात पोटरीपर्यंत गार पाणी आणि मधोमध धरायला लोखंडी कठडा. लोक येतात, बूट-मोजे काढतात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि बगळ्यासारखा एकेक पाय पाण्याबाहेर उचलत चार-दोन फेऱ्या मारतात. गार पाणी झोंबायला लागलं की बाहेर. टॉवेल वापरायचा नाही. हातानेच पाणी निथळून टाकायचं, मोजे चढवायचे आणि पाय गरम होईपर्यंत चालत राहायचं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही गंमत वाटते. पण या प्रकाराला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यामागे एक माणूस आहे, सेबास्टियन क्नाइप. आज त्यांचं नाव अंघोळीच्या मिठापासून हातापायाच्या क्रीमपर्यंत कितीतरी गोष्टींवर छापलेलं असतं.

गंमत म्हणजे क्नाइप डॉक्टर नव्हते. ते एका खेड्यातले कॅथलिक धर्मगुरू होते. उपचार करतात म्हणून त्यांच्यावर तक्रारी झाल्या, आणि शेवटी त्याच उपचारांसाठी पोपसुद्धा त्यांच्याकडे वळले.

विणकराचा मुलगा

क्नाइप यांचा जन्म १७ मे १८२१ रोजी बव्हेरियातल्या श्टेफान्सरीड या छोट्या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील विणकर. घराच्या तळघरात माग होता आणि ओल धरलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत सेबास्टियन लहानपणापासून कापड विणायला बसायचा.

त्याला मात्र धर्मगुरू व्हायचं होतं. त्यासाठी लॅटिन शिकायला हवं, शाळेत जायला हवं आणि त्यासाठी पैसे हवेत. मागावर बसून, शेतावर राबून त्याने ७० गुल्डन साठवले. विणकराच्या पोरासाठी ही छोटी रक्कम नव्हती.

१८४१ मध्ये घराला आग लागली. घर गेलं आणि सोबत ती सगळी पुंजीही गेली. तेव्हा तो २० वर्षांचा होता.

इथे गोष्ट संपली असती. पण ग्रोनेनबाख इथले धर्मगुरू माथियास मर्कल यांनी त्याला हाताशी धरलं आणि लॅटिन शिकवायला सुरुवात केली. १८४४ मध्ये सेबास्टियन डिलिंगेनच्या शाळेत दाखल झाला. वय २३, आणि वर्गात शेजारी कोवळी मुलं.

जुन्या पुस्तकातला उपाय

शाळा मिळाली, पण तब्येतीने दगा दिला. १८४६ च्या सुमारास सेबास्टियनला छातीचा आजार जडला. खोकला, अशक्तपणा, थुंकीतून रक्त. डॉक्टरांचे उपचार चालू होते, पण उतार पडत नव्हता. हा क्षयच असल्याचं त्या वेळी धरलं गेलं.

क्षय म्हणजे त्या काळी जवळपास मरणाची चिठ्ठीच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला तो १८८२ मध्ये. त्यावरची औषधं तर थेट विसाव्या शतकाच्या मध्यावर आली.

१८४९ मध्ये ग्रंथालयात त्याच्या हाती एक जुनं पुस्तक लागलं. सायलेशियातले डॉक्टर योहान झिगमुंड हान यांनी शंभरएक वर्षांपूर्वी लिहिलेलं. विषय होता गार पाण्याचे शरीरावर होणारे परिणाम. गमावण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. सेबास्टियनने प्रयोग स्वतःवर करायचं ठरवलं.

डिलिंगेन गाव डॅन्यूब नदीच्या काठावर आहे. ऐन हिवाळ्यात तो पळत नदीपर्यंत जायचा. पळून अंग गरम झालं की कपडे काढून पाण्यात उतरायचा आणि काही क्षणांत बाहेर यायचा. अंग न पुसताच कपडे चढवायचे आणि पुन्हा पळत खोलीवर. असं तो आठवड्यातून दोन-तीनदा करू लागला.

हळूहळू ताकद परत आली. शिक्षण पुढे सुरू झालं.

गार पाण्याने क्षय बरा झाला, असा याचा अर्थ काढता येत नाही. तेव्हा ना थुंकीची तपासणी होती, ना एक्स-रे. त्यामुळे त्याला नेमका क्षयच होता, असंही खात्रीने म्हणता येत नाही. शिवाय उपचार न मिळताही काही जणांचा क्षय आपोआप शमायचा. सेबास्टियनच्या मनात मात्र शंका उरली नव्हती. पाण्याने आपल्याला जगवलं, हा विश्वास त्याला आयुष्यभर पुरला.

झारी, रात्र आणि बाग

१८५० मध्ये तो म्युनिकच्या जॉर्जियानुम या धर्मशिक्षण संस्थेत आला. तिथे आजारी पडलेल्या सोबत्यांवर त्याने चोरून उपचार सुरू केले. सगळीकडे सामसूम झाली की मंडळी बागेत जमायची आणि हा झाडांना पाणी घालायच्या झारीने त्यांच्या अंगावर पाणी ओतायचा.

क्नाइप यांच्या पद्धतीची ओळख बनलेल्या पाण्याच्या धारेची सुरुवात या झारीतून झाली. पाण्याने उपचार करणारे त्यांच्या आधीही होते. ग्रेफेनबर्गचे विन्सेंट प्रिसनिट्स त्यासाठी प्रसिद्ध होते. पण त्यांचे उपचार कडक असायचे. क्नाइप यांनी पाण्याचा जोर, वेळ आणि अंगाचा भाग, तिन्ही कमी करत आणले. आपण सुरुवातीला फार कठोर होतो आणि अनुभवाने मवाळ झालो, हे त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात मान्य केलं.

कॉलरा आणि तक्रारी

१८५२ मध्ये ते धर्मगुरू झाले. गावोगावी नेमणुका होऊ लागल्या आणि प्रार्थनेला आलेले लोक दुखणीही घेऊन येऊ लागले. डॉक्टर दूर, त्यांची फी परवडणारी नाही. समोर बसलेला धर्मगुरू मात्र ऐकून घेतो, उपाय सांगतो आणि पैसे घेत नाही.

डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना हे रुचणारं नव्हतं. परवाना नसताना उपचार करतात आणि आमचा धंदा बुडवतात, अशा तक्रारी झाल्या. चर्चमधल्या वरिष्ठांनाही हे प्रकरण अवघड जात होतं.

१८५४ मध्ये क्नाइप बोस गावात असताना कॉलऱ्याची साथ आली. आजाऱ्याच्या घरी जायला लोक घाबरत होते, तेव्हा क्नाइप घरोघरी फिरून रुग्णांची सेवा करत होते. लोकांनी त्यांना 'कॉलरावाले पाद्रीबाबा' अशा अर्थाचं नावच पाडलं.

प्रश्न त्यांच्यापुढे सरळ होता. नियम पाळायचा तर दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं. त्यांनी बहुतेक वेळा परत पाठवलं नाही. तक्रार करणारेही सगळेच चूक नव्हते. शिक्षण न घेता कुणीही उपचार करू लागला तर जीव जाऊ शकतो, ही भीती तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

वोरिसहोफेनचं धोबीघर

१८५५ मध्ये त्यांना वोरिसहोफेन गावी पाठवण्यात आलं. काम होतं डोमिनिकन जोगिणींच्या मठात पापनिवेदन ऐकण्याचं. मठाची शेती आणि गुरंही त्यांच्या देखरेखीखाली आली. मधमाश्या आणि गुरं या विषयांवरही त्यांनी पुढे लिखाण केलं.

मठाच्या कपडे धुण्याच्या खोलीत उपचार सुरू झाले. आधी जोगिणी, मग गावकरी, मग परगावचे लोक. १८८१ मध्ये ते तिथले मुख्य धर्मगुरू झाले, तोवर गर्दी आवरेनाशी झाली होती.

एकेकाला तेच तेच किती वेळा सांगायचं? लोकांनी घरीच उपाय करावेत म्हणून त्यांनी १८८६ मध्ये पाण्याच्या उपचारांवर पुस्तक लिहिलं. त्याचे तीन भाग होते. पहिल्यात पाणी कसं वापरायचं, दुसऱ्यात औषधी वनस्पती, तिसऱ्यात एकेक आजार. पुस्तक इतकं खपलं की त्यांच्या हयातीतच डझनावारी आवृत्त्या निघाल्या आणि बऱ्याच भाषांत अनुवाद झाले.

पुस्तकात होतं काय?

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. सुजेवर आणि गळवावर मेथीची पूड शिजवून केलेलं पोटीस. पोटासाठी बडीशेप. कॅमोमाइलचा आणि सेजचा काढा. दुखऱ्या जागेवर चक्क्यासारख्या घट्ट, निथळलेल्या दह्याचा लेप. वाळलेल्या गवताच्या फुलोऱ्याची पिशवी वाफवून सांध्यांना शेक.

पाण्याचे उपाय त्याहून साधे होते.

गुडघ्याची धार: उजव्या पावलापासून सुरुवात. हृदयापासून लांबच्या भागातून वर, गुडघ्याच्या मागपर्यंत आणि परत खाली. मग डावा पाय. धार जोराची नको, पाणी अंगावरून पातळ थरासारखं ओघळायला हवं.

हातांचं स्नान: दोन्ही हात दंडाच्या मध्यापर्यंत गार पाण्यात, साधारण अर्धा मिनिट. दुपारची सुस्ती घालवायला जर्मन लोक हा उपाय आजही करतात.

दवात चालणं: सकाळी ओल्या गवतावर काही मिनिटं अनवाणी. मग कोरडे मोजे घालून चालायचं.

या सगळ्याला एकच मुख्य अट होती. गार पाणी घेण्याआधी अंग आणि पाय गरम हवेत, आणि नंतर ऊब परत यायला हवी. थंडी भरलेल्या माणसावर गार पाणी ओतायचं नाही.

यामागचं शरीरशास्त्र समजायला सोपं आहे. गार पाणी लागताच कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाणी थांबलं की त्या पुन्हा रुंदावतात, रक्त परत येतं आणि त्या जागी ऊब जाणवते. जणू रक्तवाहिन्यांचा व्यायामच.

पाणी, वनस्पती, हालचाल, साधं जेवण आणि नेमाचं जगणं अशा पाच खांबांवर क्नाइप यांची पद्धत उभी आहे, असं आज सांगितलं जातं.

तक्रारीपासून पोपपर्यंत

१८९० नंतर वोरिसहोफेनचं रूपच पालटलं. हजारो लोक येऊ लागले. राजघराण्यातली माणसं आणि शेतमजूर एकाच गवतावर अनवाणी चालताना दिसू लागले. क्नाइप यांनी पोप तेरावे लिओ यांच्यावरही उपचार केले. १८९३ मध्ये त्यांना मोन्सिन्योर हा चर्चमधला मानाचा किताब मिळाला.

त्याहून मोठा बदल वेगळाच होता. ज्या डॉक्टरांच्या व्यवसायातून एकेकाळी तक्रारी आल्या, तेच डॉक्टर आता रुग्ण तपासताना त्यांच्या शेजारी बसू लागले. १८९४ मध्ये क्नाइप पद्धत वापरणाऱ्या डॉक्टरांची संघटनाही उभी राहिली.

पैसा आला, पण तो त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. १८९१ मध्ये झेबास्टियानेउम, १८९३ मध्ये आजारी मुलांसाठीचं आश्रयगृह आणि १८९६ मध्ये क्नाइपियानुम, अशा उपचारांच्या तीन संस्था उभ्या राहिल्या. १८९१ मध्येच वुर्झबुर्गचे औषधविक्रेते लेओनहार्ड ओबरहॉइसर यांना त्यांनी आपल्या नावाने औषधं बनवण्याचा हक्क दिला. तिथूनच आजची क्नाइप कंपनी सुरू झाली. औषधविक्रेत्यांच्या तक्रारी झेललेल्या माणसाचं नाव शेवटी एका औषधविक्रेत्यानेच जगभर नेलं.

शेवटचा आजार

१८९७ मध्ये क्नाइप यांच्या ओटीपोटात गाठ असल्याचं कळलं. शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली नाही. १७ जून १८९७ रोजी वोरिसहोफेनमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ७६.

या शेवटातच त्यांच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. पाय जड होणं, झोप न लागणं, साधी सर्दी, मुका मार अशा रोजच्या कुरबुरींवर धार आणि काढा उपयोगी पडू शकतो. गाठ, न्यूमोनिया किंवा क्षय मात्र त्याने बरा होत नाही. क्नाइप पद्धतीवर आजवर अभ्यास झाले आहेत आणि काहींत फायदाही दिसला आहे. पण बरेच अभ्यास लहान आहेत, त्यामुळे मोठे दावे करता येत नाहीत.

घरी करून बघणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. हृदयविकार, पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा, मधुमेहामुळे बधिर झालेले पाय किंवा लघवीचा संसर्ग असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार पाण्याचे उपाय करू नयेत. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालणंही टाळावं.

आज काय उरलंय?

१९२० मध्ये वोरिसहोफेनच्या नावापुढे 'बाड' हा शब्द लागला. जर्मनीत हा मान उपचारांच्या पाण्यासाठी नावाजलेल्या गावांना मिळतो. युनेस्कोच्या करारानुसार जर्मनी आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाची राष्ट्रीय यादी ठेवते. २०१५ मध्ये त्या यादीत क्नाइप पद्धतीचा समावेश झाला.

महाराष्ट्रात पाण्याचे उपचार म्हटलं की पुण्याजवळचं उरुळी कांचन आठवतं. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये तिथे निसर्गोपचार सुरू केले. गांधीजींवर प्रभाव होता तो लुई कुने आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन लेखकांचा. ते दोघेही क्नाइप यांच्याच काळात वावरलेले. म्हणजे उरुळीतलं कटिस्नान आणि वोरिसहोफेनचा हौद हे एकाच काळातल्या विचारांचे चुलतभाऊ म्हणता येतील.

पाणी फुकट होतं, गवत दारात होतं आणि मेथी स्वयंपाकघरात. डॉक्टरची फी न परवडणाऱ्या माणसाला स्वतःच्या शरीरासाठी काहीतरी करता यावं, एवढंच क्नाइप यांना हवं होतं. म्हणूनच आज कंपनीचं महागडं मीठ परवडो न परवडो, बागेतल्या त्या हौदात पाय बुडवायला पैसे पडत नाहीत.