मायकल फॅरडे – एक विश्वासू कारभारी

आपल्या मंडळ्यांत असे कांहीं बंधु व भगिनी आहेत कीं, ज्यांचें शरीर बाहेरून धडधाकट दिसतें, परंतु डोकें सदा दुखतें, थोड्याशा कामानें ग्लानि येते, व काल ऐकलेलें आज आठवत नाहीं. लोक त्यांस आळशी म्हणतात, आणि तेही मनांतल्या मनांत स्वतःस दोष देतात. त्यांच्या समाधानासाठीं एका थोर पुरुषाचें चरित्र येथें देत आहों.

मायकल फॅरडे याचा जन्म लंडनजवळील न्यूइंग्टन येथें ता. 22 सप्टेंबर 1791 रोजीं झाला. बाप लोहार असून नेहमीं आजारी असे. त्यामुळें घरीं अन्नाचीही टंचाई होती. मुलाचें शिक्षण लिहिणें, वाचणें व थोडें अंकगणित यांपलीकडे गेलें नाहीं. चौदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवार राहिला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून त्यास शास्त्राची गोडी लागली. 1813 सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन संस्थेंत त्यास मदतनिसाची जागा मिळाली. 1831 सालीं, लोहचुंबक हालविल्यानें तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, असें त्यानें दाखविलें. आज वीज उत्पन्न करणारीं मोठमोठीं यंत्रें याच तत्त्वावर चालतात.

त्याचें कुटुंब सँडेमॅनियन नांवाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळींतील होतें. त्याच मंडळींतील सारा बर्नार्ड हिच्याशीं 1821 सालीं त्याचें लग्न झालें.

1839 सालच्या अखेरीस, वयाच्या 48 व्या वर्षीं, संकट आलें. घेरी, डोकेदुखी, थकवा व विस्मरण यांनीं त्यास घेरलें. वैद्यांनीं काम बंद ठेवण्यास सांगितलें. 1841 सालीं तो पत्नीसह स्वित्झर्लंडांत विश्रांतीस गेला. तेथें त्यानें एका दिवसांत घाट ओलांडून 45 मैल मजल केली! पाय असे बळकट होते, परंतु स्मरण लंगडत होतें. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या शक्तीवरून कोणाच्या दुखण्याचा न्याय करूं नये. त्याच प्रवासांत खिळे घडविणाऱ्यांचें काम पाहून त्यास बापाची आठवण झाली, व तें त्यानें आपल्या रोजनिशींत प्रेमानें लिहून ठेविलें.

पुढें आजार कमी झाला, तरी विस्मरण गेलें नाहीं. एकदां सहा आठवडे खपून त्यानें कांहीं निष्कर्ष काढले. मग जुनीं टिपणें पाहतो तों, तेच निष्कर्ष आठनऊ महिन्यांपूर्वीं त्याच्याच हातून निघालेले! दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. फॅरडेनें मात्र लिहून ठेवण्याची संवय अधिकच घट्ट धरिली. प्रत्येक प्रयोगाची नोंद तो आंकडे घालून करी. ते आंकडे सोळा हजारांच्या वर गेले. जेवणाचीं आमंत्रणें तो बहुधा नाकारी, व राहिलेली शक्ति मुख्य कामासाठीं जपून ठेवी. अशा स्थितींतच 1845 सालीं लोहचुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हा मोठा शोध त्यास लागला.

रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यानें नम्रपणें नाकारलें. मुलांसाठीं नाताळांत तो व्याख्यानें देत असे. 1860–61 च्या नाताळांत मेणबत्तीवर दिलेलीं तीं शेवटचीं. आपल्यानें काम नीट होत नाहीं असें दिसतांच त्यानें एकेक जबाबदारी स्वतः होऊन सोडली: 1861 सालीं व्याख्यानें, 1864 सालीं मंडळींतील वडिलाचें काम, 1865 सालीं दीपगृहांच्या सल्लागाराचें काम. 1862 सालीं आपला जुना मित्र शोनबाइन यास लिहितांना वाक्यें जुळेनात. तेंही त्यानें न लपवितां कळविलें. त्या मित्रास तें त्याचें शेवटचें पत्र होय. विक्टोरिया राणीनें हॅम्प्टन कोर्ट येथें दिलेल्या घरीं सारा व तिची भाची जेन यांनीं त्याची सेवा केली. तेथेंच ता. 25 ऑगस्ट 1867 रोजीं, खुर्चींत बसलेला असतां, त्यानें शांतपणें प्राण सोडला.

प्रिय वाचकहो, विसरणें हें पाप नव्हे, व थकणें हा आळस नव्हे. ज्या उपदेशकाचें स्मरण कमी झालें असेल त्यानें वही जवळ बाळगावी, विसाव्याची लाज धरूं नये, व जें ओझें उचलवत नाहीं तें योग्य वेळीं दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावें. आणि ज्यांचें स्मरण शाबूत आहे त्यांनीं, सारेप्रमाणें, दुबळ्याचा आधार व्हावें. धन्यानें जितकें सोंपविलें तितक्याचाच हिशेब तो कारभाऱ्याजवळ मागतो.