टॉमस डॉर्सी

अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांत व्हिला रिका नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें इ. स. १८९९ च्या जुलैच्या १ तारखेस टॉमस डॉर्सी याचा जन्म झाला. बाप बाप्तिस्त उपदेशक, परंतु पोटासाठीं दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा; आई उपासनेंत ऑर्गन वाजवीत असे. पुढें कुटुंब अटलांटा शहरीं आलें, तेव्हां शाळा लवकरच सोडून टॉमस एका नाटकगृहांत सरबत विकूं लागला. तेथील वादकांच्या बोटांकडे टक लावून पाहावें व मग स्वतः तसेंच वाजवून पाहावें, अशा रीतीनें तो पियानो शिकला. पेटी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

कृष्णवर्णीय लोकांच्या कष्टांतून व दुःखांतून 'ब्लूज' ही गायनपद्धति जन्मास आली. शिकागोस गेल्यावर डॉर्सी तींत निष्णात झाला. १९२४ सालीं प्रख्यात गायिका मा रेनी हिच्या साथीस तो बसूं लागला. १९२८ सालीं 'जॉर्जिया टॉम' या नांवानें, टॅम्पा रेड या गिटारवादकाबरोबर गाइलेली त्याची एक तबकडी अतोनात खपली. तें गाणें सभ्य नव्हतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. याच सुमारास तो भक्तिगीतेंहि रचीत असे. पण त्यांच्या चालींत पुष्कळ पाळकांस गुत्त्याचा वास येई, व छापील गीतांस गिऱ्हाईक मिळेना.

१९३२ च्या ऑगस्टमध्यें डॉर्सी गायनासाठीं सेंट लुई येथें गेला. पत्नी नेटी हिचे दिवस भरत आले होते. तिला सोडून जाण्यास त्याचें मन घेत नव्हतें. तेथें असतांनाच तार आली, कीं ती बाळंतपणांत वारली. तो धांवत परतला. मुलगा झाला होता, पण तोहि लवकरच गेला. मायलेकांस एकाच पेटींत पुरलें. देवानें आपल्यावर अन्याय केला असें त्यास वाटलें, व पुन्हां ब्लूजकडेच वळावें असाहि विचार मनांत आला. कांहीं दिवसांनीं एका मित्रासमवेत पियानोपाशीं बसला असतां एका जुन्या चालीवर त्याला शब्द सुचूं लागले. माझा हात धर, अशी देवास केलेली ती विनवणी होय.

ज्या मंडळ्यांनीं त्याला परत पाठविलें होतें, त्यांतूनच पुढें त्याचीं गीतें गाइलीं जाऊं लागलीं. १९६८ च्या एप्रिलमध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांनीं, गोळी लागण्यापूर्वीं थोडाच वेळ, त्या रात्रींच्या सभेंत हेंच गीत वाजविण्यास एका वादकास सांगितलें होतें. तें त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं महालिया जॅक्सन हिनें गाइलें. डॉर्सी १९९३ च्या जानेवारीच्या २३ तारखेस शिकागो येथें, वयाच्या ९३ व्या वर्षीं वारला.