वाळूचे गणित मांडणारा सैनिक

१९८० साली लिबियाच्या वाळवंटात एक बेवारस शेव्हरोले ट्रक सापडला. सुमारे चार दशके ऊनवारा सोसून गंजलेला हा सांगाडा दुसऱ्या महायुद्धातील ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या ब्रिटिश पथकाचा होता. पुढे तो ब्रिटनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियममध्ये दाखल झाला आणि सापडला त्याच अवस्थेत जतन करण्यात आला.

या पथकाच्या गाड्या ओळखण्याच्या काही ठळक खुणा आहेत. टप व दारे काढून टाकलेली, रेडिएटरला नळीने जोडलेला पाण्याचा डबा, चालकापुढे सूर्य-होकायंत्र आणि सोबत पोलादी पन्हळी. या साऱ्या जुळवाजुळवीमागे एका माणसाचा वाळवंटातील अनुभव होता. त्याचे नाव राल्फ बॅग्नोल्ड.

३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेले बॅग्नोल्ड पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढले. त्यानंतर केंब्रिजमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९२६ साली इजिप्तमध्ये नेमणूक झाली आणि त्यांना वाळवंटाचा ध्यास लागला. मधला काही काळ हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील नोकरीत गेला, तरी रजा मिळाली की त्यांची पावले वाळवंटाकडेच वळत. पदरमोड करून, मित्रांना सोबत घेऊन, साध्या फोर्ड मोटारींतून त्यांनी हजारो मैल पालथे घातले.

या प्रवासांत एकेका अडचणीवर उपाय निघत गेला. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र फसवते, म्हणून सावलीवरून दिशा दाखवणारे सूर्य-होकायंत्र त्यांनी विकसित केले. उकळत्या रेडिएटरची वाफ डब्यातील पाण्यात सोडून थंड केली, की तेच पाणी पुन्हा इंजिनाच्या कामी येई. चाके रुतल्यावर खाली सरकवायच्या पन्हळी त्यांना कैरोतील जुन्या सामानात मिळाल्या. मूळ त्या खंदकांवर छप्पर घालण्यासाठी बनवलेल्या होत्या. टायरमधील हवा कमी करून, वाऱ्याकडील घट्ट उतारावरून वेगाने चढल्यास प्रचंड टेकड्याही पार होतात, हे त्यांनी सिद्ध केले.

१९३५ साली लष्करातून निवृत्त होऊन त्यांनी लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये वातबोगदा उभारला आणि वाळूच्या कणांचा अभ्यास सुरू केला. वाळू धुळीसारखी हवेत तरंगत नाही, तर जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकते, हे त्यांनी मोजमापांनिशी मांडले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या विषयाचा पाया ठरला. १९४४ साली रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

दरम्यान युद्धाने त्यांना पुन्हा गणवेश चढवायला लावला. १९३९ साली त्यांचे जहाज भूमध्य समुद्रात दुसऱ्या जहाजावर आदळले आणि दुरुस्तीच्या काळात ते योगायोगाने इजिप्तमध्ये उतरले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. इजिप्तच्या दक्षिणेकडील शेकडो मैलांची वाळवंटी बाजू उघडी होती. पुढे भारताचे व्हाइसरॉय झालेले जनरल वेव्हेल यांनी बॅग्नोल्ड यांची योजना तत्काळ मान्य केली आणि तयारीला सहा आठवडे दिले. कैरो व अलेक्झांड्रियातून ट्रक मिळवून, न्यूझीलंडच्या स्वयंसेवकांना हाताशी धरून पथक उभे राहिले. दुर्गम मानल्या गेलेल्या वाळूच्या समुद्रातून ते शत्रूच्या पिछाडीला पोहोचू लागले.

या धाडसाची किंमतही मोठी होती. ३१ जानेवारी १९४१ रोजी जेबेल शरीफ येथे इटालियन तुकडीने एका गस्ती पथकाला गाठले. गाड्या जळाल्या. बचावलेल्या चौघांनी शरण न जाता, अत्यल्प पाण्यावर दहा दिवस पायपीट केली. त्यांपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. वाळवंटात सोडलेल्या प्रत्येक गाडीमागे अशी जीवनमरणाची कहाणी असू शकते.

युद्धानंतर बॅग्नोल्ड यांनी नद्यांतून वाहणाऱ्या गाळाचा अभ्यास केला. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ हे यान मंगळावरील वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचले. त्या टेकड्यांना शास्त्रज्ञांनी बॅग्नोल्ड यांचे नाव दिले आहे.