शांतिदूत आल्वा मिर्दाल

आल्वा मिर्दाल ह्यांचा जन्म स्वीडनमधील उप्साला येथे १९०२ साली झाला. भारतातील राजदूतपद भूषविल्यावर १९६२ पासून जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत त्यांनी स्वदेशाचे प्रतिनिधित्व केले.

त्या काळी अमेरिका व सोव्हिएट रशिया ही राष्ट्रे परस्परांकडे संशयाने पाहत. १९६३ साली त्यांनी ब्रिटनसह वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घातली. भूमिगत चाचण्या मात्र वगळल्या. चोरून केलेला स्फोट ओळखण्यासाठी वर्षाला ७ तरी तपासण्या हव्यात, असा अमेरिकेचा आग्रह. रशिया तिहींपुढे जाईना!

आल्वाबाईंनी भूकंपशास्त्रज्ञांचे साहाय्य घेतले. स्फोटाने धरणी हादरते आणि दूरदेशीची भूकंपमापक यंत्रे तो हादरा टिपतात. राष्ट्रांनी अशा नोंदी एकमेकांस द्याव्यात, म्हणजे लबाडी लपणार नाही, हा विचार त्यांनी नेटाने मांडला.

१९८२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८६ साली त्या निवर्तल्या. सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार १९९६ साली सिद्ध झाला. तो अद्याप अमलात आलेला नाही. तथापि त्याची यंत्रे जगभर धरणीची नाडी पाहत आहेत. केवळ शब्दावर विश्वास बसत नसेल, तर त्यास पुराव्याची जोड द्यावी, हाच आल्वाबाईंच्या जीवनाचा बोध होय.