६१७४ आणि कापरेकर मास्तर

आपलं दहावीचं वर्ष १९९४. हे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ९९४१ वजा १४९९, उत्तर ८४४२. त्याचंही तसंच करा. पुढे येतात ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्यांदा ६१७४. मग कितीही वेळा करा, ६१७४च.

नववीतल्या एका ऑफ तासाला बाईंनी हे आपल्याकडून फळ्यावर करून घेतलं होतं, आठवतंय? चारही अंक सारखे नसले, की कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचते. असं का, हे मी विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं, की मलाही माहीत नाही, तू शोध. मी शोधलं नाही. परीक्षेला नव्हतं ना!

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली बी.एस्सी. झाले. पुढची पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते.

लालबाग-परळच्या चाळी सोडून आपल्यातले बरेच जण डोंबिवलीला गेले. तेव्हा डेमलो म्हणत त्या याच स्टेशनवर त्यांना १२१, १२३२१ अशा संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्या डेमलो संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जग कापरेकर संख्या म्हणतं.

त्यांच्या हयातीत मात्र अनेक विद्वान हे पोरखेळ समजून हसले. १९६६ साली पत्नी गेल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून मास्तरांनी शिकवण्या घेतल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

यंदा स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि आधी धंद्याची सवय म्हणून प्रोग्रॅम लिहिला. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या ९,९९० संख्या ६१७४ ला पोचल्या. पण का, ते कळलं नाही. शेवटी कागद घेतला. दोन्ही संख्यांचे अंक तेच, म्हणून ९ ने भागल्यावर बाकीही तीच, म्हणून वजाबाकी नेहमी नवाच्या पाढ्यात. शिवाय उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांतला, आणि मधल्या दोन अंकांमधला. असे फरक मोजले तर पहिल्या वजाबाकीनंतर ९,९९० पैकी उरतात फक्त ५४ उत्तरं. ती एकेक करून तपासायला एक रविवार पुरला.

म्हणजे बाई, हे नववीच्याच गणितात होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये सोपा प्रश्न विचारायची लाज वाटून मी कितीदा गप्प बसले आहे. कापरेकर मास्तर लोक हसत असतानाही पन्नास वर्षं सोपेच प्रश्न विचारत राहिले.

गृहपाठ उशिरा आणला आहे. स्नेहमेळाव्यात तपासून द्याल ना?